दोन-चार वर्षं घरी बसलेल्या माणसाला कामावर घेतलं तर मालकाला सरकारनं जादा पैसे द्यावेत का?

मशीनशॉपवाला (धागाकर्ता)

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी टर्निंग, थोडं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींचं काम, हायड्रॉलिकवाल्यांचे पार्ट करतो. हजेरीवर चोवीस माणसं. आता दोन वाढवायची आहेत. पीएफचं बघणारे आमचे कन्सल्टंट म्हणाले १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची स्कीम चालू झालीय, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, पन्नासच्या आत माणसं असली तर किमान दोन वाढवायची आणि ती सहा महिने टिकली की माणसामागं महिन्याला हजार ते तीन हजार मालकाला मिळतात, दोन वर्षं. आम्ही मॅन्युफॅक्चरिंगवाले म्हणून पुढं अजून दोन वर्षं.

चांगलं आहे, तक्रार नाही. पण माझ्यासमोर अर्ज दोन प्रकारचे आहेत. एक आयटीआय करून यंदाच बाहेर पडलेला पोरगा. दुसरा त्रेचाळीस वर्षांचा, पूर्वी चांगला टर्नर होता, २०२० च्या मे महिन्यात त्याचं युनिट बंद पडलं, मग वडील लकव्यानं झोपून, त्यांचं बघत घरी, मधी थोडं रिक्षा, थोडं शेतात. पाच वर्षं मशीनला हात नाही. दोघांवर मला सरकारकडून मिळणार तेवढेच. मग मी दुसऱ्याला का घ्यावं, हा साधा प्रश्न. अशा माणसावर मालकाला जादा द्यायला पाहिजे का? दिलं तर खरंच फरक पडेल का? नियम कन्सल्टंट सांगतील, मला तुमचं मत पाहिजे.

कुंदा_पार्सल

जागा धरून बसलोय. चालू द्या.

फौंड्री_अण्णा

पैसे कुणाला पायजेत हो, माणूस टिकायला पायजे. आमच्यात फेटलिंगला, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करायला, माणूस येतोय, आठ दिवस करतोय, पगाराची उचल घेतोय आणि गायब. सरकार म्हणतंय सहा महिने टिकव. अरे मी तर टिकवायला तयार आहे की, तो कुठं तयार आहे? शेवटी ओडिशाची पोरं आणलीत, राहायला खोली दिलीय, गप काम करतात. इथल्या पोरास्नी सावलीतलं काम पायजे.

वडगावकर_मागवाला

@फौंड्री_अण्णा किती देताय तेवढं पण सांगा की. बारा तास, भट्टीजवळ, आणि हातात बारा हजार देत असशीला तर पळतोयच माणूस.

फौंड्री_अण्णा

बारा नाही, चौदा देतोय. आणि जेवण.

वडगावकर_मागवाला

जेवण 😄

पीएफची_पद्मा

मी एका कंपनीत पीएफ आणि ईएसआयचंच, म्हणजे कामगार विम्याचं, काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तर माफ करा.

धागाकर्त्यांनी म्हटलेल्या योजनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग कामगारासाठी, आयुष्यात पहिल्यांदाच पीएफला लागतोय त्याला एक महिन्याचा पीएफ पगार, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. एक सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी, तोही आर्थिक साक्षरतेचा छोटा कोर्स केल्यावर. दुसरा भाग मालकासाठी. पीएफचा पगार दहा हजारांपर्यंत असला तर हजारापर्यंत, दहा ते वीस हजार असला तर दोन हजार, त्याच्यावर लाखापर्यंत तीन हजार. नोंदणी ३१ जुलै २०२७ पर्यंतच्या नोकऱ्यांची. एकूण तरतूद ९९,४४६ कोटींची आणि साडेतीन कोटी नोकऱ्यांचं टार्गेट.

आता तुमच्या टर्नरचं. त्याचा जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असणार, म्हणजे पहिल्या भागातलं त्याला काहीच नाही. पोराला पंधरा हजारांपर्यंत मिळणार, ह्याला शून्य. तुम्हाला मात्र दोघांवर सारखंच, कारण मालकाच्या भागात जुना पीएफवाला परत आला तरी चालतो. तो किती वर्षं घरी होता हे कुठल्याच रकान्यात विचारत नाहीत.

गंमत म्हणजे हा माणूस ज्या योजनेत बरोबर बसला असता ती होऊन गेली. आत्मनिर्भर भारत रोजगार योजना, १ ऑक्टोबर २०२० पासून. तीत १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० मध्ये नोकरी गेलेल्यांना परत घेतलं तर हजारापर्यंत कामगार असलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंचा पीएफ, बारा अधिक बारा टक्के, दोन वर्षं सरकार भरत होतं. पगाराची अट पंधरा हजारांच्या आत. नोंदणी ३१ मार्च २०२२ ला संपली.

आणि हिशोब करून बघा. १४,००० पगारावर मालकाचा पीएफ सगळं धरून तेरा टक्के म्हणजे १,८२०, ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे ४५५. झाले २,२७५. सरकार देणार २,०००. म्हणजे माणूस पीएफला लावायचा खर्च बऱ्यापैकी निघाला, पगार तुमचाच. आमच्या साहेबांना मी हेच सांगते, माणूस फुकट मिळतोय असं समजू नका.

मशीनशॉपवाला

पद्माताई, हे फार उपयोगाचं. पगाराचं गणित मीही असंच धरलं होतं.

वडगावकर_मागवाला

पद्माक्कांनी "आयुष्यात पहिल्यांदा पीएफ" म्हटलं त्यावरून सांगतो. आमच्या वडगाव, खासबागेत, शहापुरात असे माणूस किती पायजेत तेवढे. तीस वर्षं माग चालवलाय, डोळे गेले, गुडघे गेले, पण पीएफ कधी बघितला नाही. माझा मामा बावन्न वर्षांचा, मालकानं माग भंगारात विकले तवापासून घरी आहे. तो उद्या तुमच्यात लागला तर सरकारच्या कागदावर तो पहिलटकर! आयटीआयचा पोरगा आणि माझा मामा एका ओळीत. ह्ये बरंच झालं की एका अर्थी, मामाला पंधरा हजार मिळतील. पण त्याला घेतोय कोण, बावन्न वर्षाच्या माणसाला. वॉचमन म्हणून घेतील, आणि वॉचमन एजन्सीचा.

पीएफची_पद्मा

मामांचं अजून एक. पीएफची पेन्शन बसायला दहा वर्षं नोकरी लागते आणि अठ्ठावन्नला पेन्शनची वर्गणी थांबते. म्हणजे सहाच वर्षं. ते पेन्शनचे पैसे नंतर काढून घेता येतात, पण महिन्याची पेन्शन नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर आमच्यासारख्यांशी भांडायला येतात 🙂

शिनोळी_नाका

सीमाभागाची मजा कुणी सांगितली नाही अजून. मी राहतो उचगावजवळ, कामाला शिनोळीत. घर कर्नाटकात, कारखाना महाराष्ट्रात, सकाळी गाडीवर पंचवीस मिनिटं. ही केंद्राची योजना दोन्हीकडं सारखी, तिथं भानगड नाही. पण बाकी सगळ्यात आम्ही मधे. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली २०२४ ला, बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, डिग्रीला दहा हजार महिना, काम कंपनीत करायचं आणि विद्यावेतन सरकार देणार. आमच्या सुपरवायझरनं चंदगडची पोरं घेतली, कारण त्यांचं डोमिसाईल महाराष्ट्राचं. माझ्या भावाचं आयटीआय झालेलं, घरी बसून, पण आधारवर पत्ता बेळगाव तालुका. मालक म्हणाला तुला घेतलं तर पगार मी देणार, ह्याला घेतलं तर सरकार देतंय, तूच सांग. काय सांगणार.

म्हणजे सरकारनं एका गटावर पैसे लावले की त्या गटाबाहेरचा माणूस महाग होतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाला हे पण धरा.

युवानिधी_वाट_बघतोय

आणि इकडं कर्नाटकात युवा निधी, शिकून बेकार असलेल्यांना सरकारचा भत्ता. डिग्रीला महिना तीन हजार, डिप्लोमाला दीड हजार, दोन वर्षं. तिथं पण सहा वर्षं कर्नाटकात शिकलेलं पायजे. माझा मित्र शाळेपासून गडहिंग्लजला मामाकडं शिकला, तो उडाला. मला मिळतंय. खरं सांगू का, एका दुकानात अकाउंटला आठ हजारावर बोलावत होते, गेलो नाही. नोकरी लागली असं कळवलं की तीन हजार बंद, जायला यायला बसला दीड-दोन हजार, डबा वेगळा. उरणार किती? शिव्या घालणार असाल तर घाला.

फौंड्री_अण्णा

हे बघा. मी म्हटलं नव्हतं? घरी बसून तीन हजार.

खानापूरची_लेक

अण्णा, आठ हजारात बी.कॉम. पोरगा कामाला मागणाऱ्याला एक शब्द नाही, आणि न गेलेल्यावर मात्र लगेच.

मला वेगळंच विचारायचंय. घरी बसलेला म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पुरुषच येतोय. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, लग्नाआधी टेस्टिंगला काम केलंय, मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, नऊ वर्षं गेली. मी बेरोजगार आहे का? कुणी विचारलं तर "काही करत नाही" असं घरचेच सांगतात. इंटरव्ह्यूला गेले तर पहिला प्रश्न, मुलं लहान आहेत का. कामाचं कुणी विचारतच नाही. मालकाला दोन हजार मिळाले म्हणून हा प्रश्न थांबेल असं वाटत नाही. शिफ्ट सात ते साडेतीन केली आणि खानापूरच्या गाडीची वेळ बघितली तर मी उद्या येते. अनुदान नको मला.

मशीनशॉपवाला

ताई, पहिली शिफ्ट आमच्यात सातला सुरू होते. इन्स्पेक्शनला माणूस लागतोच अधूनमधून. बोलू या.

कुंदा_पार्सल

धाग्यावरच भरती चालू झाली 😄 सरकारला कळवा, एक पैसा न देता नोकरी.

स्टुटगार्टात_शहापूरकर

मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण मी राहतो त्या देशात नेमकी हीच गोष्ट कायद्यात आहे. जर्मनीत २०१९ पासून दोन तरतुदी आहेत. एक, दोन वर्षं किंवा जास्त बेरोजगार असलेल्याला घेतलं तर पहिल्या वर्षी पगाराच्या पंचाहत्तर टक्के आणि दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के सरकार मालकाला देतं. दुसरी त्याहून पुढची. पंचविशीच्या वरचा माणूस, सात वर्षांतली किमान सहा वर्षं सरकारी भत्त्यावर काढलेला, अशाला घेतलं तर पहिली दोन वर्षं पूर्ण मजुरी सरकारची, मग नव्वद, ऐंशी, सत्तर टक्के, अशी पाच वर्षं.

पण पैशापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे सोबत एक कोच असतो. माणूस सकाळी उठत नसेल, कर्जाचा तगादा असेल, मालकाशी खटका उडाला असेल तर हा मधे पडतो. आमच्या प्लांटच्या गोडाऊनला असा एक जण होता, पन्नाशीचा. सुरुवातीला जवळजवळ रोज उशीर. आपल्याकडं आठवड्यात काढला असता. त्या कोचनं फोन करून करून लाईनवर आणला. आता पॅकिंगचं तोच बघतो.

इथं बेरोजगार कोण आणि किती दिवसांपासून हे सरकारच्या नोंदीत असतं म्हणून हे जमतं. आपल्याकडं रिक्षा, शेत, लग्नात वाढप्याचं काम, हे सगळं करणारा माणूस बेरोजगार किती दिवस ते कोण ठरवणार?

फौंड्री_अण्णा

पूर्ण मजुरी सरकार देत असेल तर मी पण उद्या दहा घेतो. आणि सहाव्या वर्षी नवीन दहा.

स्टुटगार्टात_शहापूरकर

अण्णा, हीच शंका इथंही घेतात. तुम्ही जर्मन व्हायला लायक आहात.

मास्तर_टिळकवाडी

अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा दोन ओळींत आटोपणार नाही हे समजून वाचावे.

अशा अनुदानाला तीन जुने आक्षेप आहेत. मालक ज्याला घेणारच होता त्याच्यावरच पैसे घेतो, हा पहिला. अनुदानवाला आत येतो आणि बिनअनुदानवाला बाहेर जातो, हा दुसरा. शिनोळीच्या गृहस्थांनी सांगितलेली भावाची गोष्ट त्याचं उत्तम उदाहरण, वर्गात शिकवताना मला असं सापडलं नव्हतं. तिसरा आक्षेप जरा विचित्र आहे आणि तोच धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन इथं १९८०-८१ मध्ये एक प्रयोग झाला. सरकारी मदतीवर असलेल्या काही जणांना पत्र दिलं, हे मालकाला दाखवा, तुम्हाला घेतलं तर त्याला तुमच्या पगारातला मोठा वाटा परत मिळेल. काहींना पत्र दिलंच नाही. गॅरी बर्टलेस यांनी १९८५ मध्ये निष्कर्ष छापले, पत्रवाल्यांना नोकरी मिळायचं प्रमाण बिनपत्रवाल्यांपेक्षा कमी! पत्र बघून मालकाच्या मनात आलं असणार, याला घ्यायला सरकार पैसे देतंय म्हणजे यात काहीतरी खोट आहे.

तेव्हा आपल्या टर्नरच्या कपाळावर "दीर्घकाळ बेरोजगार, जादा अनुदान" असा शिक्का मारला तर त्याचं भलंच होईल असं नाही.

वडगावकर_मागवाला

मास्तर ह्ये पटलं. आमच्यात सोयरीक जमवताना हुंडा नको, उलट आम्हीच देतो म्हटलं की पाव्हणे दहा ठिकाणी चौकशी करतात.

मिशिगनचा_म्हाळू

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, इथं सत्तावीस आठवडे किंवा जास्त बेरोजगार असलेल्याला घेतलं की मालकाला टॅक्समध्ये २,४०० डॉलरपर्यंत सूट होती, त्या वर्गवारीत २०१६ पासून. पहिल्या सहा हजार डॉलर पगाराच्या चाळीस टक्के, चारशे तास काम भरलं तर. मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. कामावर घेतल्यापासून अठ्ठावीस दिवसांत फॉर्म जायला पाहिजे होता. मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो तिथल्या मालकाला हे माहीतच नव्हतं. नंतर मोठ्या रिटेल कंपनीत गेलो तर तिथं अर्ज भरतानाच ते प्रश्न येतात, कारण त्यासाठी वेगळी एजन्सी नेमलेली. ज्याच्याकडं कागद करायला माणूस आहे त्यालाच पैसे. उद्यमबागेत पण तेच होणार बघा.

हायड्रॉलिक_हणमंत

होणार काय, झालंयच. आमच्यात अठरा माणसं. वीसच्या खाली म्हणून पीएफच नाही, मग स्कीम कुठली. विसावा माणूस घ्यायचा म्हटलं की भाऊ म्हणतोय नको, पीएफ मागं लागेल, दुसऱ्या शेडमध्ये पुतण्याच्या नावानं वेगळी फर्म काढूया. असे कितीतरी शेड आहेत. सरकारला वाढवायचंय, आम्ही एकोणीसवर थांबूलालोय. ह्या आमच्यासारख्यांच्यातच माणूस ओळखीवर लागतो, पाच वर्षं घरी असला तरी "अमक्याचा जावई हाय, घे" म्हणून लागतो. आणि तिथंच योजना पोचत नाही.

टिळक_चौक_टाइम्स

हे सगळं सोडा, आधी स्थानिकांना आरक्षणाचं बिल परत आलं तर आपल्या मराठी पोरांचं काय ते बोला. जुलै २०२४ ला कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं मंजूर केलं होतं, मॅनेजमेंटला पन्नास टक्के, बाकीला सत्तर टक्के स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे कन्नड लिहिता वाचता बोलता आलं पाहिजे. ओरड झाल्यावर थांबवलं. पिढ्यान् पिढ्या इथं राहून आम्ही

संपादक_मंडळ

या विषयावर वेगळा धागा आहे, तिथं चारशेच्या वर प्रतिसाद झालेत. तिकडं जा. इथं त्याचे पुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

कुंदा_पार्सल

अरेरे. आत्ता कुठं रंग भरत होता.

सेटर_सुरेभान

मी त्रेचाळीसचा नाही, सत्तेचाळीसचा, पण तोच माणूस समजा. दोन वर्षं घरी होतो. मागच्या वर्षी परत लागलो, मच्छे बाजूला. काय होतं ते सांगतो. हात विसरत नाही हो. मायक्रोमीटर धरला की पंधरा मिनिटांत सगळं आठवतं. अडतं ते कंट्रोलरच्या नवीन स्क्रीनवर, आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोराला विचारायला. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून सहा पीस रिजेक्ट झाले. मालक काही बोलला नाही, पण फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, घरी झोपून आलाय. त्या दिवशी सोडून जाणार होतो. बायकोनं सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो.

मालकाला दोन हजार मिळाले की चार हजार, त्यातला एक रुपया त्या फोरमनपर्यंत येत नाही. माझा महिना त्याच्या हातात. सरकारला द्यायचेच असतील तर पहिले दोन महिने शिकवणाऱ्याला द्या, रिजेक्शनचे पैसे द्या. सहा महिन्यांनी मालकाच्या खात्यात आलेल्या पैशानं माझं काय होणार, मी टिकायचा तो पहिल्या पंधरा दिवसांत.

खानापूरची_लेक

दादा, सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंत.

मास्तर_टिळकवाडी

अनुमोदन. माझ्या तिन्ही आक्षेपांत फोरमन नव्हता.

फौंड्री_अण्णा

फोरमनला पैसे दिले तर तो आपल्याच भावकीची भरती करील. तरी पण म्हणणं खोटं नाही. आमचा फोरमन पण तसाच तोंडाळ आहे, त्याच्यामुळं दोन चांगले मोल्डर गेले. त्याला काढता पण येत नाही, पॅटर्न सगळे त्याच्या डोक्यात.

पीएफची_पद्मा

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पोराचा नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, आणि टर्नरचा जुना यूएएन आधारला जोडलेला आहे का ते आधी बघा. बंद पडलेल्या युनिटनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर तिथंच अडकतं. निम्म्या केसेस मी अशाच बघितल्यात. आणि दोन्ही माणसं टिकली पाहिजेत बरं का, एक गेला आणि वाढ एकाचीच राहिली तर तुमची दोनची अट बसणार नाही.

वडगावकर_मागवाला

मामानं उमंगवर चेहरा दाखवून बघितला, ॲप घेईना. शेवटी दाढी केली, चष्मा काढला, उन्हात जाऊन उभारला, मग घेतलं. नोकरी अजून नाही, पण यूएएन हाय!

मशीनशॉपवाला

सगळं वाचलं. माझं मत असं झालंय की जादा दोन हजारांनी मी टर्नरला घेतलं नसतं आणि ते नाहीत म्हणून सोडणारही नाही. सुरेभानांचं वाचून काल आमच्या फोरमनशी बोललो, तो म्हणाला जुन्या मॅन्युअल लेथवर पंधरा दिवस ठेवूया, रिपेअरचं काम आहेच, हात बसला की सीएनसीला घेऊ. ते पंधरा दिवसांचं रिजेक्शन मी सोसतो, पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण. आयटीआयचा पोरगाही घेतोय, म्हणजे दोनची अट भरते, पुढं मिळाले पैसे तर मिळाले. टर्नरच्या यूएएनला सोडल्याची तारीख नाहीच आहे, पद्माताई, आणि ते युनिट तर आता अस्तित्वात नाही. मग ती तारीख कोण टाकणार?

पीएफची_पद्मा

शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले असले तर मेंबरला स्वतःच्या लॉगिनमधून टाकता येते. मॅनेजमध्ये जा, मार्क एक्झिट. ओटीपी आधारला लावलेल्या मोबाईलवर येतो, तो नंबर चालू आहे का बघा.

मशीनशॉपवाला

नंबर बंद आहे. वडिलांच्या नावावर होता म्हणे.

पीएफची_पद्मा

मग आधी आधार सेंटर. सकाळी लवकर पाठवा, टोकन संपतात.

हायड्रॉलिक_हणमंत

मॅन्युअल लेथचं रिपेअर काम घेताय म्हणालात, आमचे दोन स्पिंडल पडलेत. टर्नर रुजू झाला की पाठवू का?